रंग आवडला नाही

हिवराळे बाईंना काहीही सांगायला गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कोणासाठी?" गावात पाण्याची नवी टाकी होणार म्हटलं, कोणासाठी. शाळेत संगणक आला, कोणासाठी. मी माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तर ती उघडायच्या आधीच म्हणाल्या, "कोणासाठी करून राह्यला रे दत्ता? तुझ्यासाठी का मायसाठी?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. उत्तर येईपर्यंत त्या चष्म्यावरून बघत थांबायच्या, आणि ते बघणं फार वेळ सोसत नसे.

बाई हसनाबादच्या आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या. मनगटावर पुरुषाचं मोठं घड्याळ. ते नवऱ्याचं होतं. तो एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि फार लवकर गेला. त्यानंतर बाई गर्द रंगाच्याच साड्या नेसायला लागल्या, वांगी रंगाच्या, मोरपंखी, मेंदी. गावातल्या बायका आपसात कुजबुजायच्या. एकीनं तोंडावर विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "आमच्या लग्नात मी पांढरी नेसले व्हते. त्यानं मला पांढऱ्यात आणलं. तो गेल्यावर तीच कशाला नेसू?" विचारणारीला हे काही समजलं नाही. खरं म्हणजे मलाही तेव्हा समजलं नव्हतं. बौद्धांच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते हे शेजारच्या गल्लीत राहूनही मला पुरतं माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत पांढऱ्याचा अर्थ एकच होता.

त्यांची दुसरी खोड ठिपक्याची. पोराच्या वहीत चूक दिसली की त्या लाल शाईनं खोडायच्या नाहीत. ओळीच्या कडेला पेन्सिलीनं एक बारीक ठिपका द्यायच्या, बस. चूक कुठली ते पोरानं शोधायचं. एक दिवस लागो, आठ दिवस लागोत, बाई थांबायच्या. पुढं मी बसस्टँडजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं, तेव्हा उद्घाटनाला आल्या, पेढा खाल्ला, आणि जाताना पाटीच्या कोपऱ्यात खडूनं ठिपका देऊन गेल्या. रिटायर झाल्यावरही त्यांच्या पर्समध्ये खडू असायचा. मी चिडलो. चार दिवस पाटीकडं बघून बघून डोळे दुखले, मग सापडलं: 'सर्व फॉर्म भरून मिळतिल.' वेलांटी ऱ्हस्व. पेंटरला परत बोलवावं लागलं.

सातवीत त्यांनी पत्रलेखन घेतलं. मी गाइडमधून उतरवलं, 'मुंबईच्या मामास पत्र'. बाईंनी मला उभं केलं.

"मुंबईला मामा हाय तुझा?"

"न्हाई."

"मंग हे कोण वाचणार?"

"कोणी न्हाई बाई. अभ्यास हाय."

"मामा हाय का न्हाई कुठं?"

मामा शहागडला होता. हायवेवर ट्रकचे पंक्चर काढायचा. बाईंनी स्वतःच्या पदरचं पोस्टकार्ड दिलं, समोर बसवून लिहून घेतलं आणि खरंच पेटीत टाकलं. पाचव्या दिवशी भल्या सकाळी मामा एका ट्रकमधून शाळेच्या फाटकाशी उतरला. चेहरा पांढराफटक. त्याच्या घरी आजवर पत्र यायचं ते कोणीतरी गेल्याचंच. वाचायला येत नव्हतं, वाचून घ्यायलाही तो थांबला नव्हता. "कोण गेलं?" एवढंच विचारत राहिला. कार्डावर मी लिहिलं होतं की आमच्या शेळीला दोन करडं झाली. बाईंनी मामाला हेडमास्तरांच्या खोलीत बसवून चहा पाजला, ते कार्ड वाचून दाखवलं, आणि आम्हा सगळ्या वर्गाला सांगितलं, "बघा, पत्र कोणाच्या हातात पडणार हे बघितलं, पण तो ते कसं घेईल हे न्हाई बघितलं. माझी चूक." शिक्षक वर्गासमोर चूक कबूल करतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नंतरही फारसं कुठं दिसलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण साड्यांचा धंदा.

बाई रिटायर झाल्या त्या वर्षी त्यांच्या भाचीचं लग्न ठरलं. साडी घ्यायला दोघी जालन्याला गेल्या. मोठं दुकान, गाद्या घातलेल्या. बाई म्हणाल्या, पांढऱ्या साड्या दाखवा. विकणाऱ्यानं आवाज एकदम खाली आणला, खालच्या फळीवरून पातळ, बिनकाठाच्या चार साड्या काढल्या आणि मान वाकडी करून विचारलं, "कोण गेलं?"

भाची शेजारीच बसलेली. हाताला हळद लागायची बाकी, बाकी सगळी नवरीच.

"कोणी न्हाई गेलं," बाई म्हणाल्या. "ही चाललीय. सासरी."

तो माणूस ओशाळला, माफी मागितली, चहा मागवला. त्याचाही काही दुष्टावा नव्हता. पण भाची परतीच्या गाडीत हमसून हमसून रडली, आणि बाई दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या.

"दत्ता, मला ऑनलाइन दुकान टाकायचंय. पांढऱ्या साड्यांचं. चांगल्या, जरीकाठाच्या."

मी नुकताच जालन्याला ऑनलाइन धंद्याचं तीन दिवसांचं शिबिर करून आलो होतो. डोक्यात नवं भरलेलं, त्यामुळं जिभेवरही तेच. मी म्हटलं, "बाई, आधी टार्गेट मार्केट ठरवावं लागतं."

"म्हंजे?"

"म्हंजे कोणासाठी ते."

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला सातवीतला बाक आठवला. म्हणाल्या, "हे शिकायला तू जालन्याला गेल्ता?"

शिबिरात एक छापील कागद मिळाला होता. गिऱ्हाइकाचं वय, शिक्षण, उत्पन्न, राहण्याचं ठिकाण, आवडनिवड. तो मी त्यांना भरायला दिला. तो कागद अजून माझ्याकडं आहे. वयासमोर त्यांनी लिहिलं, 'लग्न ठरेल तेव्हाचं.' उत्पन्नासमोर, 'बापाचं विचारू नये.' आणि आवडनिवड या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात एक ओळ: 'जिला दुकानात कोण गेलं असं विचारतात ती.' मी हसलो होतो. शिबिरातल्या सरांना दाखवलं असतं तर तेही हसले असते. आज वाटतं, त्या तीन दिवसांत पन्नास जणांनी भरलेल्या कागदांत एवढं नेमकं उत्तर एकही नसेल.

ऑनलाइन दुकानाच्या पानाच्या माथ्यावर टाकायची ओळ बाईंनी मला सांगितली: 'विहारात लग्न करणाऱ्या मुलींसाठी पांढऱ्या साड्या.'

आता खरं ते लिहितो. मी ती ओळ टाकली नाही. दुकानात मी एकटाच, समोर संगणक, आणि बोट 'विहारात' या शब्दावर अडलं. मनाशी म्हटलं, अशानं बाकीचं गिऱ्हाईक पुढं सरकून जाईल. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की पानावर संपर्काला माझ्या दुकानाचा नंबर होता, आणि माझ्या सोयऱ्याधायऱ्यांनी ते वाचलं तर काय म्हणतील याची मला लाज वाटली. लाजच, दुसरा शब्द नाही. मी लिहिलं, 'पांढऱ्या साड्या. सर्व प्रसंगांसाठी.' वर फुलांची एक नक्षी टाकली आणि स्वतःवर खूश झालो.

माल परत करायच्या फॉर्मवरून आमचं भांडण झालं ते मात्र उघड. मी दुसऱ्या कुठल्या तरी दुकानाचा फॉर्म उचलला होता. परत करण्याचं कारण निवडा: माप चुकलं, कापड खराब निघालं, रंग आवडला नाही, इतर. मी म्हटलं, "बाई, साडीला माप नसतं, ते काढतो. अन् आपल्याकडं रंग एकच. 'रंग आवडला नाही' कोण म्हणणार? तेबी काढतो."

"राहू दे."

"पांढऱ्या साड्यांच्या दुकानातून पांढरी मागवायची अन् म्हणायचं रंग आवडला नाही? येडी हाय का कोणी?"

"राहू दे म्हटलं ना. विचारलं तर पाहिजे माणसाला."

फॉर्म होता तसाच राहू दिला. रंगाच्या त्या ओळीवरून मी त्यांना वर्षभर चिडवलं. महिन्याचा हिशेब द्यायला बसलो की म्हणायचो, "अन् रंग न आवडलेल्या शून्य." बाई हसायच्या.

धंदा हळूहळू चालला. साड्या बाईंच्या पुढच्या खोलीत कपाटात. प्रत्येक साडीत त्या हातानं लिहिलेली एक चिठ्ठी घालायच्या, 'नव्या आयुष्यासाठी मंगल कामना. सुखी राहा.' ऑर्डर आली की मी त्यांना नंबर द्यायचो आणि त्या स्वतः फोन लावायच्या. फोनवर त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच ठणठणीत. "अभिनंदन! लग्न कधी?" मी एकदा सांगून पाहिलं की बाई, ऑनलाइनमध्ये असं कोणी फोन करत नाही. त्यांनी ऐकलं नाही.

त्या दिवशी फोन माझ्या दुकानातूनच लावला होता. परतूरकडचा कोणी माणूस होता. बाई म्हणाल्या, "अभिनंदन! लग्न कधी?"  मग तो म्हणाला, आणि आवाज मोठा असल्यामुळं मलाही ऐकू आलं, "लग्न न्हाई हो. वडील वारले. मायसाठी पाहिजे व्हती."

बाईंनी फोन हळूच ठेवला. कितीतरी वेळ घड्याळाचा पट्टा फिरवत बसल्या. मग जुन्या ऑर्डरींची यादी मागितली आणि एकेकाला फोन लावला. निम्म्या साड्या दुखवट्याच्या घरी गेल्या होत्या; अभिनंदन ऐकून त्या लोकांनी संकोचानं नुसतं 'हं' म्हणून फोन ठेवला होता. त्या घरांत आमची चिठ्ठी गेली होती, सुखी राहा म्हणून.

मी निगरगट्टासारखा म्हणालो, "बाई, तेबी गिऱ्हाईकच हाय ना. उलट लग्नाला सीझन असतो. ह्याला बारा महिने."

 माझ्यापुढं पानाची छापलेली प्रत पडली होती. ती बाईंनी ओढली, पर्समधली पेन्सिल काढली आणि माथ्यावरच्या ओळीच्या कडेला एक ठिपका देऊन निघून गेल्या.

तो ठिपका मला दिसला. अर्थही कळला. आणि मी तो कागद खणात ठेवून दिला. ऑर्डरी चांगल्या येत होत्या, माझाही त्यात वाटा होता, आणि बदलीन उद्या असं रोज वाटत होतं.

बाईंनी मात्र आपल्यापुरता नियम केला. अभिनंदन बंद. आता फोनवर आधी विचारायचं, "कोणासाठी?" दीर, भाऊ, सासरा कोणी दुसरीसाठी मागवत असेल तर, "साडी संपली" म्हणून सांगायचं. नेसणारीनं स्वतः मागितली तरच पाठवायची. कोणी म्हातारी स्वतःहून म्हणाली की मला पांढरी लागते, तर बिनचिठ्ठीची जायची. "तिला पाहिजे, तिनं मागितली. आपण कोण न्हाई म्हणणारे?" म्हणायच्या. हा नियम मला पक्का वाटला. त्यात फट असेल असं त्यांनाही वाटलं नाही.

उन्हाळ्यात भोकरदनकडच्या एका गावातून ऑर्डर आली. नाव मनीषा. फोन माझ्यासमोरच झाला.

"कोणासाठी बेटा?"

"माझ्यासाठी."

आवाज कोवळा. बावीस-तेवीसच्या पुढं नाही. बाईंचा चेहरा खुलला. "तुझ्यासाठी! अभिनंदन! कधी हाय?"

पलीकडून जरा उशिरानं आलं, "रविवारी."

"जल्दी पाठवते," बाई म्हणाल्या. त्या साडीच्या पदराला त्यांनी बारीक गोंडे स्वतः लावले, आणि चिठ्ठी घातली.

साडी पोचली त्याच दुपारी माझ्या स्क्रीनवर परतीचा फॉर्म आला. वर्षभरात पहिल्यांदा तिसऱ्या ओळीसमोर खूण होती. रंग आवडला नाही.

मी हसत बाईंना बोलावलं. म्हटलं, भेटली बघा येडी. बाई आल्या, चष्मा पुसून त्यांनी ती ओळ वाचली, आणि त्या हसल्या नाहीत. लगेच फोन लाव म्हणाल्या. पोरगी कुजबुजत बोलत होती. बाईंनी फोन कानाला घट्ट धरला, म्हणून मला फक्त त्यांचं "हं" ऐकू येत होतं. एक, दोन, पुष्कळ "हं". शेवटी त्या म्हणाल्या, "मी येते."

मनीषाचा नवरा मोटारसायकलच्या अपघातात गेला होता, त्याला दहा दिवस होत आले होते. त्या घरात रीत होती, तेराव्याला विधवेच्या अंगावर पांढरं घालायचं, एकदा तरी, मग पुढं फिकं चालतं. बाजारात जायला माणूस मोकळा नव्हता, आणि घरात फोनवरून मागवायचं फक्त तिला येत होतं. सासू म्हणाली, तूच मागव. तिनं मागवली. 'माझ्यासाठी' म्हणाली ते खोटं नव्हतं. 'रविवारी' हेही खरंच होतं, रविवारी तेरावा होता. शेवटी ती बाईंना म्हणाली होती, "बाई, तुमची चिठ्ठी मी ठिवून घेतली. साडी तेवढी रविवारच्या आत न्या."

कुरिअरवाला माल परत न्यायला आठ दिवस लावतो. बाई म्हणाल्या, "मीच जाऊन आणते. दत्ता, गाडी काढतो का?"

त्या गावात माझ्या बायकोचा चुलतभाऊ राहतो. दुखवट्याच्या घरी, कोणाच्या तरी सुनेनं परत केलेली साडी आणायला, आणि बाईंबरोबर, मी गेलो हे संध्याकाळच्या आत आमच्या अंगणात पोचलं असतं. मी म्हटलं, दुकान सोडून कसं येऊ. बाई म्हणाल्या, "बराबर हाय," आणि छत्री उघडून स्टँडकडं गेल्या. त्यांच्या त्या 'बराबर हाय'मध्ये राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सातच्या गाडीनं परत आल्या. हात मोकळे. पाणी मागितलं, दोन ग्लास प्यायल्या, मग सांगितलं. सांगताना माझ्याकडं नाही, बंद पंख्याकडं बघत होत्या.

अंगणात सासू बसली होती. पोटचा गेलेला, रडून डोळे सुजलेले. बाईंनी सांगितलं, साडीच्या दुकानातून आले, परत केलेली साडी न्यायला. सासूनं त्यांच्याकडं खालून वर पाहिलं. मोरपंखी साडी, हातात घड्याळ, कपाळ मोकळं. विचारलं, "कोणाच्या तुम्ही?"

बाईंनी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. सासूनं पुढं काही विचारलं नाही. खाली बसाही म्हणाली नाही आणि पाण्याचंही विचारलं नाही. "दुखवट्याच्या घरी कोणाला सुचतं," बाई तिच्याच बाजूनं म्हणाल्या मला. सासू म्हणाली, "परत कशाची? पोरीचं बोट लागलं आसंल चुकून. राहू द्या. रविवारी लागती."

तेव्हा घरातून ती पोरगी दारात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "चुकून न्हाई. मी दाबलं."

 दीर उठला, तिच्या जवळ गेला. हात उगारला नाही. फक्त हात पुढं केला. पोरीनं कमरेचा फोन काढून त्याच्या हातावर ठेवला आणि आत गेली. साडी कोणी बाहेर आणली नाही. बाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग निघाल्या.

"मी गेले नसते तर फोन तरी राह्यला असता तिच्याकडं," त्या म्हणाल्या.

मी काहीबाही समजावलं. दोन-चार दिवसांत देतील परत, आजकाल कोण एवढं धरून बसतं. बाईंनी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज अकराला दुकानात यायला लागल्या. खुर्चीवर बसायच्या. मी तो नंबर लावायचो आणि फोन त्यांच्या कानाशी द्यायचो. बंद. रविवार गेला. बंद. पाऊस पडून पेरण्या झाल्या, शाळा सुरू झाल्या, बंद. मी बायकोच्या चुलतभावाकडं आडून चौकशी केली. तो म्हणाला, हाय की घरातच, शेतात जाती, दिसत न्हाई फारशी, अन् तुला काय पडलंय? हे मी बाईंना सांगितलं, शेवटचं तेवढं सोडून. त्या म्हणाल्या, "अंगावर काय असतं विचारलं का?" मी विचारलं नव्हतं.

त्या दिवसांत बाई खचल्या. नवीन माल आणला नाही. भर गप्पांत थांबायच्या. पण सगळ्यात मोठा फरक असा की त्यांनी 'कोणासाठी' विचारणं सोडलं. एक दिवस मी मुद्दाम म्हटलं, बाई, गावात व्यायामशाळा होणार म्हणे. त्या म्हणाल्या, "होऊ दे." 

बाई मार्गशीर्षात गेल्या. सकाळी चहा ठेवला आणि ओट्यापाशीच कोसळल्या. अंत्ययात्रेला मी गेलो, या वेळी कोणाला काय वाटेल ते न बघता. विहारातून आलेल्या सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत होत्या. त्यांच्यात कितीतरी आमच्याच होत्या, मी काठावरून ओळखल्या, लग्नात नेसलेल्या. मरणालाही त्या त्याच नेसून आल्या होत्या, ताठ मानेनं, आणि त्यात कुठं कमीपणा नव्हता. बाईंच्या पेटीतली लग्नाची साडी त्यांच्या अंगावर घातली होती. पांढरं तेच होतं. पण ते कोणी घातलं, कोणाच्या मर्जीनं, एवढ्यानंच सगळा फरक पडत होता, आणि हे समजायला मला तिथं खांदा द्यावा लागला.

पण बाई डोळ्यांपुढं येतात त्या तशा नाहीत. येतात त्या त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या, शेवटच्या खेपेच्या. अकरा वाजता आल्या. नंबर लावला. बंद. नेहमी मग उठून जायच्या, त्या दिवशी बसून राहिल्या. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी खणातून तो ठिपक्याचा कागद काढला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

"बाई, ठिपका दिसला व्हता मला. तेव्हाच."

"माहीत हाय."

"तुमची ओळ मीच बदलली व्हती. तुम्ही सांगितली तशी टाकली असती तर तिनं मागवलीच नसती."

"तेबी माहीत हाय. पहिल्या दिवशीच वाचलं मी." त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "वाटलं, तूच दुरुस्त करशील. पोराची चूक पोरानंच काढावी म्हणून थांबायची खोड हाय ना मला. ह्या खेपेला लई थांबले." मग म्हणाल्या, "अन् मी कोणासाठी विचारलं तिला. कशासाठी न्हाई विचारलं. त्या घरी जाऊन उभी राह्यले, तवाबी एक विचारायचं राह्यलंच."

"काय?"

उत्तर न देता त्यांनी खुर्ची संगणकाजवळ ओढली. म्हणाल्या, तो परतीचा फॉर्म काढ. काढला. म्हणाल्या, तिसऱ्या ओळीच्या खाली लिही: 'कोणता रंग पाहिजे?' मी लिहिलं. त्यांनी वाकून बघितलं, वेलांटी बघितली, प्रश्नचिन्ह बघितलं. समोर उत्तराला चौकोन द्यायचा होता.

"केवढा ठेवू बाई? एक शब्द मावंल एवढा?"

"मोठा ठेव," बाई म्हणाल्या. "लिहिणारी हाय ती."

मी ठेवला. त्यांनी पाहून मान हलवली, छत्री घेतली, पायरी उतरल्या आणि स्टँडच्या उन्हातून घरी गेल्या. वळून पाहायची त्यांना सवय नव्हती.

साड्या संपल्या, कपाट भाचीनं नेलं. ते पान मी चालू ठेवलंय. माथ्यावर आता बाईंची ओळ आहे, त्यांनी सांगितली होती तशी, विहारासकट. अधूनमधून एखादी ऑर्डर येते, मी भाचीकडं पाठवतो. रोज सकाळी शटर उघडलं की आधी तो फॉर्म उघडतो, मग अकराला नंबर लावतो. नंबर बंद असतो. चौकोन रिकामा असतो. बायको विचारते, एवढ्या जागेत चार ओळी मावतील, काढून का टाकत नाही. मी म्हणतो, राहू दे.